कानबाईचा बार

यंदा श्रावण लागला आणि तोताराम नानांच्या घरात डोक्याला तेल लावायची बंदी आली. भजी तळायची नाहीत, वरणाला फोडणी द्यायची तीही मागच्या अंगणातल्या चुलीवर, आणि कुणी बोटाने लोणचं खाल्लं असेल तर त्याने ओसरीवरच्या खोलीकडे फिरकायचंसुद्धा नाही. वासदऱ्याच्या शाळेत नव्याने आलेल्या मास्तरीणबाईंना वाटलं, हे कानबाईचं काहीतरी कडक व्रत असणार. त्यांनीही मोठ्या भक्तिभावाने काही दिवस कोरडे केस घेऊन काढले. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की बाई, हे व्रत देवीचं नाही, बंदुकीच्या टोपीचं आहे.

त्याचं असं, की नानांच्या घरात मार्टिनी नावाची एक जुनी फौजी रायफल आहे. इंग्रज गेले तेव्हा धुळ्याला सरकारी सामानाचा लिलाव झाला. नानांचे आजोबा गेले होते गाडीचं चाक घ्यायला, आले रायफल घेऊन. आजीने त्यावर बरेच दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता, आणि चाक कुठाय हा प्रश्न ती मरेपर्यंत विचारत राहिली. रायफलीचं लायसन आहे. निवडणूक लागली की ती पिंपळनेरच्या ठाण्यात जमा होते आणि निकाल लागला की माहेरपण आटपलेल्या सुनेसारखी घरी परत येते.

तिला काम वर्षातून एकदाच. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून चौरंगावर मांडायचं, भाऊबंदांनी मिळून रोटांचा नैवेद्य करायचा, बायांनी रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी देवीला पांझरा नदीवर बोळवायला न्यायचं. वासदऱ्याची रीत अशी, की पाटलाची, म्हणजे नानांच्या घरची कानबाई उंबऱ्याबाहेर पडली की मार्टिनीचा एक बार उडायचा. त्यात गोळी नसते, नुसता आवाज. पण तो आवाज झाल्याशिवाय गावातली एकही देवी जागची हलत नाही. ठाण्यातून तशी परवानगी काढलेली असते आणि देखरेखीला एक शिपाईही येतो. रोट भाऊबंदांशिवाय कुणाला मिळत नाहीत, हे त्या बिचाऱ्याला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

आता या रायफलीचं काडतूस बाजारात मिळत नाही. धुळ्याच्या दुकानदाराकडे विचारलं तर तो नानांना चहा पाजतो आणि म्हणतो, नाना, तुमच्याकडेच एखादं जास्तीचं असेल तर मला दुकानात मांडायला द्या. म्हणून नाना घरीच भरतात, आणि तशी रीतसर परवानगी त्यांनी सरकारदरबारी जोडे झिजवून मिळवलेली आहे. एकदा उडालेली पितळी पुंगळी धुवायची, पुसायची, तिच्या बुडाला नवी टोपी बसवायची, आत दारू भरायची आणि वरून बूच दाबायचं. टोपी म्हणजे तांब्याची चिमुकली वाटी. तिच्यावर रायफलीची सुई आपटली की ठिणगी पडते आणि दारू पेटते. सगळा खेळ त्या टोपीचा. तिला तेलाचं बोट लागलं, की ते तेल हळूहळू आत झिरपतं आणि टोपी मरते. नानांनी उभी नोकरी फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात घालवली होती आणि हे वाक्य ते किती पोरांच्या कानीकपाळी ओरडले असतील त्याला गणती नाही.

तेव्हा बार भरायच्या दिवशी नानांचा थाट बघावा. राखेने कोपरापर्यंत हात घासायचे, मग शिकेकाईने धुवायचे, मग वाऱ्यावर सुकवायचे, कारण टॉवेलाचाही भरवसा नाही. मग ओसरीवरच्या खोलीत जाऊन आतून कडी. बाहेर कुणी शिंकलं तरी आतून खाकरण्याचा आवाज येई. प्रमिलाबाई, म्हणजे नानांची बायको, लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नव्हता. झाडायलासुद्धा नाना स्वतः झाडत.

आणि एवढं सगळं करून मागच्या श्रावणात बार उडाला नाही.

सगळं गाव दारात उभं होतं. वाजेवाले दम धरून थांबले होते, पोरांनी मोबाईल वर धरले होते. नानांनी मिशीवरून हात फिरवला, रायफल आभाळाकडे केली, चाप ओढला. टक्. बस, नुसतं टक्. कुणीतरी खोकलं. वाजातल्या ढोलवाल्याला नानांची दया आली म्हणून त्याने एकदा ढम् करून वाजवलं, तर लोकांना हसूच आवरेना. शेवटी नुसत्या वाजावरच देव्या उठवाव्या लागल्या. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सुरतेला पोचला, कारण अर्धं वासदरं तिकडे कामाला आहे. तिथून भाचीचा फोन आला, मामा, तब्येत बरी आहे ना?

बरं, ही पहिली खेप असती तर नानांनी टोपीवर खापर फोडून विषय संपवला असता. पण त्याच्या आदल्या वर्षीही हेच झालं होतं. आदल्या वर्षी लोक म्हणाले, असतं एखाद्या वेळी. या वेळी मात्र सरपंच धनसिंग पुढे आला. धनसिंगचं बोलणं गोड, पण डोळा सारखा भाड्याने आणायच्या डी.जे.वर असे.

"नाना, देवीले आसं थांबाडनं बरं नई," तो म्हणाला. "पुढला साल डी.जे. लावू, संगे फटाकानी लडी. बटन दाबं का आवाज."

"डी.जे.वर कानबाई उठत नई, धनसिंग," नाना म्हणाले. "डी.जे.वर फक्त तू उठस."

लोक हसले, पण नानांचा मुलगा विक्रम हसला नाही. विक्रमचं पिंपळनेरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस सरळ, हिशेबी आणि बापाच्या रायफलीपायी ठाण्याच्या खेपा घालून जेरीस आलेला. त्याने सगळ्यांसमोर बापाला पेचात पकडलं.

"नाना, पुढला साल बार उडना त रायफल घरमा राहू द्या, मी कधी नाव काढाव नई. नई उडना त पोळाना आत ठाणामा जमा करी देवानी. कायमनी."

चारचौघांत असं बोलल्यावर फौजी माणूस काय करणार? "मंजूर शे!" नाना गरजले. "उडना नई त मी सोता खांदावर टाकीसन लई जासु!"

शब्द गेला आणि रात्री नानांना झोप लागेना. रायफल म्हणजे काही नुसती लाकूड-लोखंडाची वस्तू नव्हती. नोकरी संपली, डोळ्यात मोतीबिंदू आला, शेतीत विक्रम विचारीनासा झाला. आता गावात तोताराम नानांची गरज अशी वर्षातून एका सकाळीच पडत होती, आणि तेवढ्या एका सकाळीवर ते उरलेलं वर्ष ताठ मानेने काढत होते. ती गेली की मग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालणं एवढंच उरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

म्हणून यंदा त्यांनी कंबर कसली. सुईची स्प्रिंग बदलली. धुळ्याहून नव्या टोप्या आणल्या. जुनी दारू दुकानदाराला परत केली आणि नवी आणताना त्याला असं काही खोदून खोदून विचारलं, की तो म्हणाला, नाना, मी दुकानदार आहे, आरोपी नाही. तरी समाधान होईना. मग नानांचा संशय घरच्या तेलावर गेला. सुनेच्या, हेमलताच्या केसांना खोबरेल असतं. ती ओसरी झाडते, केस झटकते, वारा खोलीत जातो. झालं! घरभर तेलबंदी लागली. हेमलताने डोक्याला ओढणी बांधून नाक मुरडलं, विक्रमने भज्यांसाठी दुकानातून परस्पर हॉटेल गाठलं. प्रमिलाबाईने मात्र चकार शब्द न काढता आपली वेणी कोरडी ठेवली. नवऱ्याचं ऐकण्यात तिच्यासारखी बाई नव्हती, असं नाना चारचौघांत सांगत.

शनिवारी नानांनी बार भरला. रविवारी कानबाई बसली. आणि आजोबांच्या वेळेपासूनच्या रिवाजाप्रमाणे नानांनी ते काडतूस धुतल्या हातांनी, स्वच्छ फडक्यात धरून देवीच्या चौरंगावर नेऊन ठेवलं. नथीशेजारी काडतूस. रात्रभर ते तिथेच राहायचं आणि सकाळी देवीच्या पायाशी लावून रायफलीत जायचं. नानांनी हात जोडले. यंदा काही राहिलं नव्हतं. राहिलेलं एवढंच, की कानबाईने लाज राखावी.

सोमवारी सकाळी उजाडलं तेव्हा गाणी म्हणून दमलेल्या बाया आपापल्या घरी तोंड धुवायला गेल्या होत्या. वाजेवाले गल्लीच्या तोंडाशी चहा पीत होते. नाना आंघोळ करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून काडतूस घ्यायला देवघराकडे आले आणि दारातच थबकले.

आत प्रमिलाबाई चौरंगासमोर बसली होती. तिने समईत उजव्या हाताचं बोट बुडवलं. डाव्या हातात काडतूस उलटं धरलं होतं, बुडाची बाजू वर. तेलाचं ते बोट तिने बरोबर टोपीवर टेकवलं आणि कुंकू लावावं तसं गोल फिरवलं. मग पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

"माय कानबाई, यामातली आग तू तुना पोटमा ले. मना धनीले काही व्हऊ देऊ नको. आंगठा नको, डोया नको, काहीच जाऊ देऊ नको."

नानांच्या अंगाचा तिळपापड झाला. फौजेत असते तर त्यांनी शिटी फुंकली असती.

"विक्रमनी माय! हाई काय करी राहीनी तू?"

प्रमिलाबाईने डोळे उघडले. दचकली नाही. "तेल लावी राहीनू. देवीना दिवानं शे. चांगलं शे."

"चांगलं?" नानांचा आवाज चिरकला. "मांगला साल बी लावं व्हतं का?"

"लावं ना."

"आन् त्याना आदला साल?"

"तवय बी."

"आन् मी बठ्ठा घरनं डोकं कोरडं करी टाकं!"

"तुमी सांगं, केसले तेल लावानं नई. मी लावं का?" ती शांतपणे म्हणाली. "देवीना तेलनं तुमी काही सांगेल नव्हतं."

ते खरंच होतं. ज्याने फुंकरीवरही पहारा बसवला, त्याने काडतूस स्वतःच्या हाताने नेऊन समईशेजारी ठेवलं होतं. नाना उंबऱ्यावर मटकन बसले. रागवायचं कुणावर तेच कळेना.

"पन कसाले? काय बिघाडं तुनं त्या रायफलनी?"

"पुनाना आंगठा गया ना," ती म्हणाली.

पुना म्हणजे तिचा धाकटा भाऊ, पहूरचा. तीन श्रावणांमागे शेतातली डुकरं हाकलताना त्याची ठासणीची बंदूक हातात फुटली आणि उजवा अंगठा गेला. प्रमिलाबाई तेव्हा दवाखान्यात त्याच्याजवळ राहून आली होती. आल्यावर त्याबद्दल काही बोलली नव्हती, आणि नानांनीही काही विचारलं नव्हतं.

"पुनानी बंदूक ती का बंदूक शे?" नाना म्हणाले. "गंजेल नळी! त्यामा त्यानी काय हाती लागी ते भरं. आन् मी उमर काढी याच काममा."

"पुना बी आसंच म्हने. ताई, मी काय आज धरी का बंदूक, म्हने. आते त्याना हातमा चमचा राहत नई."

बाहेर वाजेवाल्यांनी सनईचा आवाज लावून पाहिला आणि बंद केला.

"मंग मले काबर नई सांगं?"

"सांगतू त ऐकतात का तुमी?"

यावर खोटं बोलायला नाना काही इतके धीट नव्हते. त्यांनी उलटं विचारलं, "तुले ठावं शे ना, आज बार नई उडना त काय व्हई? तुले रायफल घरमातून जावाले पाहिजे व्हती का?"

"मले तुमी घरमा पाहिजेत," प्रमिलाबाई म्हणाली. "रायफलनं मले काय करनं!"

इतक्या वर्षांच्या संसारात ती असं काही बोलल्याचं नानांना आठवेना. राग तर गेलाच, पण ज्याच्यासाठी वर्षभर जीव टांगणीला लावला होता तो बारही क्षणभर डोळ्यांआड झाला. ही बाई दर वर्षी बार उडायच्या वेळी कुठे असते, हे आपण कधी पाहिलंसुद्धा नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं आणि त्यांना फार लाज वाटली.

"कोठे राहस तू?" त्यांनी विचारलं. "बार उडस तवय?"

"धान्यना खोलीमा. कोठीना मांगे. कानमा बोटं घालीसन."

नाना उठले. सदऱ्याची घडी नीट केली. "ऱ्हाऊ दे. मी बाहेर जाईसन सांगी देस, यंदा बार नई. वाजावर उठाडा म्हनस देवीले."

ते दोन पावलं गेले असतील. प्रमिलाबाईने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. ताठ चालायची सवय असलेला माणूस आज पोक काढून चालला होता. देवीला काय वाटलं ते देवी जाणे, प्रमिलाबाईला ते बघवलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "दुसरी पुंगयी शे का?"

नाना वळले.

"शे का नई?"

"शे. पेटीमा."

"मंग चाला. पन मले दखाडा. काय घालतस, कितलं घालतस, बठ्ठं मना डोया पुढे."

आणि प्रमिलाबाईने त्या खोलीचा उंबरा ओलांडला. आधी तिच्याकडून राखेने हात घासून घेतले, मग शिकेकाई, मग पुन्हा राख, कारण रात्रभर देवीचं तेल-तूप करून तिची बोटं चमकत होती. समई, उदबत्ती, काडेपेटी सगळं माजघराच्या पलीकडे गेलं. वाऱ्यावर हात सुकवायला वेळ नव्हता, म्हणून ती दोन्ही हात पसरून जात्यासारखी गोल फिरली आणि नानांना अशा वेळीही हसू आलं.

खोलीत तिने सगळीकडे नजर टाकली. "जाळं शे कोपरामा," म्हणाली.

"ते राहू दे. हाई दख." नानांनी खिडकीच्या उजेडात पुंगळी धरली, बोटाच्या टोकाने आतून-बाहेरून दाखवली. चीर नाही, डाग नाही. मग दारूचा डबा उघडला. प्रमिलाबाईने लांबूनच मान पुढे काढून पाहिलं.

"हाई त खसखसनागत दिखस. काळी खसखस."

"आन् तुना भाऊनी वाटीवर वाटी टाकी ती. म्हनीसन फुटनी." नाना शिकवायला लागले आणि त्यांचा आवाज आपोआप जुन्या वळणावर गेला. हे का, ते का, किती झालं की थांबायचं, लोखंड किती सोसतं. प्रमिलाबाई मध्येमध्ये विचारी, ते सांगत. एवढ्या मन लावून ऐकणारं माणूस त्यांना फौज सोडल्यापासून मिळालं नव्हतं.

दारावर थाप पडली. "नाना! लोक थांबेल शेतस!" विक्रमचा आवाज. पाठोपाठ धनसिंगचा, मुद्दाम मोठ्याने, "घाई नई, नाना! मी गाडी बोलाई ठेयेल शे, स्पीकर तयार शे!" आणि त्याच्याही मागून शिपायाचा, आज तरी रोट मिळतील का म्हणून.

नानांची तारांबळ उडाली. टोपीचा डबा उघडला, टोपी चिमटीत धरली आणि ती निसटून फरशीवर पडली. दुसरी घेतली. मोतीबिंदूच्या डोळ्याला पुंगळीच्या बुडातलं बीळ दिसेना आणि बोटं थरथरू लागली. शनिवारी अशाच एका टोपीपायी त्यांनी अर्धी दुपार घालवली होती. आतून कडी होती म्हणून ते कुणाला कळलं नव्हतं. आता प्रमिलाबाई समोर उभी राहून बघत होती.

"आना," ती म्हणाली.

तिने टोपी घेतली. डोळा बारीक करून, मंगळसूत्रात मणी ओवावा तशी ती टोपी तिने बिळाच्या तोंडाशी अलगद बसवली. मग नानांनी हत्याराने दाबून पक्की केली, दारू भरली, बूच लावलं. काडतूस तयार झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आज मी बी तठे उभी राहासु," प्रमिलाबाई म्हणाली. "तुमना खांदाले खांदा लाईसन."

"कान फुटतीन तुना."

"फुटू द्या. काही व्हयनं त दोन्हीस्ले व्हवाले पाहिजे."

नाना दाराकडे वळले. बोलले असते तर रडले असते, आणि बाहेर सगळं गाव उभं होतं.

हेमलताने देवीचा चौरंग डोक्यावर घेतला. पाटलांची कानबाई उंबऱ्याबाहेर पडली. वाजा थांबला. पोरांचे मोबाईल वर गेले. गेल्या वर्षीच्या मजेची चटक लागलेली होती. नाना अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांच्या डाव्या खांद्याला खेटून पदर खोचलेली प्रमिलाबाई. लोकांत कुजबूज झाली. पाटलीणबाई बाराला बाहेर आलेली गावाने कधी पाहिली नव्हती.

"माय, तू मांगे व्हय," विक्रम पुढे होऊन म्हणाला.

"तू व्हय मांगे," ती म्हणाली.

नानांनी रायफलीची खालची कडी ओढली, काडतूस सारलं, कडी मिटली. नळी आभाळाकडे केली. प्रमिलाबाईने डोळे गच्च मिटले, पण हात कानावर नेले नाहीत. तिने नानांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली. इस्त्री मोडली. नानांनी चाप ओढला.

धडाड् करून असा आवाज झाला, की ओसरीच्या कौलांतून माती गळली, पारवे उडाले, धनसिंगने बोलावलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने हातातला चहा स्वतःच्या पायावर सांडला. पांढऱ्या धुराचा लोट अंगणभर पसरला आणि त्या धुरातून पलीकडच्या गल्लीतून गाणं ऐकू आलं, मग त्याच्या पलीकडच्या. एकेका घरची कानबाई उठत होती. वाजेवाल्यांना भान आलं आणि ते एकदम सुटले. विक्रम हरला होता, पण तोही दात काढून हसत होता, त्याला काही इलाज नव्हता.

नाना रायफलीकडे बघत नव्हते. ते बायकोकडे बघत होते. तिने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. नवऱ्याची बोटं मोजावीत तशी बघितली. उजवा हात, डावा हात, अंगठे जागच्या जागी. मग सुस्कारा टाकून तिने बाही सोडली.

"इतलाच?" ती म्हणाली.

"काय इतलाच?"

"इतलाच आवाज? यानासाठे मी जलमभर कोठीना मांगे बसनू?"

जवळच्या चार जणांनी ऐकलं, त्यांनी पुढच्या चौघांना सांगितलं, आणि हसण्याची लाट अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. नानाही हसले. त्यांना इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

विक्रम जवळ आला. शब्दाचा पक्का माणूस, पण आईकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, "माय, नानानी बाजी जिकी. पन घर तुनं शे. तूच सांग, रायफल ठेवानी का देवानी?"

जिंकलेली बाजी अशी कुणाच्या हाती जाईल हे नानांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. प्रमिलाबाईने पदर सारखा केला, धुराने झोंबणारं नाक पुसलं.

"राहू दे घरमा," ती म्हणाली. "पन आतेपाशीन बार मी भरसु. यास्ना हात कापतस."

सगळ्या गावापुढे म्हणाली. जी गोष्ट नानांनी कडी लावून इतके दिवस झाकली होती, ती तिने चव्हाट्यावर ठेवून दिली, आणि त्यावर कुणी हसलं नाही, कारण ती हसण्यासारखी बोललीच नव्हती. मग नानांनी रायफलीची कडी ओढली, रिकामी पुंगळी खाली पडायच्या आत झेलली आणि बायकोपुढे धरली. ती चांगलीच गरम होती. प्रमिलाबाईने ती या हातातून त्या हातात नाचवली, फुंकर मारली, कमरेला किल्ल्यांशेजारी खोचली आणि कानबाईपुढे फुगडी घालायला निघून गेली.